लिहून देणारी बहीण

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात कधी साडेदहाच्या सुमारास उभे राहा. लांब बाकावर भाऊबहिणी रांगेनं बसलेले दिसतील. भाऊ सारखे घड्याळ बघत असतात आणि बहिणी एकमेकींच्या मुलांची चौकशी करत असतात. ‘मोठ्याचं लग्न जमलं का गं?’ ‘गुडघा कसा आहे तुझा?’ मग आतून पुकारा होतो, सगळे उठतात, अंगठे टेकतात, सह्या होतात आणि दहा मिनिटांत ती मंडळी बाहेर येतात. आत जाताना बहिणी घराच्या मालकिणी असतात. बाहेर येतात त्या पाहुण्या होऊन. आणि गंमत अशी, की त्यातल्या कितीतरी जणींना हे त्या दिवशी ठाऊकच नसतं!

त्या व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी, मास्तरांचं टेबल होतं. शाळेत एक दिवसही न शिकवता सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. पुढे टाईपरायटर आला, मग संगणक आला, अक्षराचं काम संपलं. नाव तेवढं राहिलं. दस्तलेखक म्हणून त्यांचा परवाना एकतीस वर्षं जुना. खरेदीखत, भाडेकरार, बक्षीसपत्र, जे म्हणाल ते. पण त्यांचा हातखंडा हक्कसोडपत्रात. बापाच्या घरातला हिस्सा बहीण भावांच्या नावे सोडून देते, तो कागद. त्याचा मजकूर त्यांना इतका पाठ होता, की समोरच्याशी गप्पा मारता मारता ते तो उतरवत. ‘लिहून देणार हिने कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने, केवळ नैसर्गिक प्रेमापोटी...’ आणि शेवटी, स्वतःच्या सहीच्या वर, ‘सदर मजकूर लिहून देणार हिला वाचून दाखवला, समजावून सांगितला व तो तिने कबूल केला.’

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. कुणाच्या अध्यातमध्यात नसत. कागदात कधी काना-मात्रेची चूक नाही. बायकोशी आणि एकुलत्या एका मुलीशी ते कधी आवाज चढवून बोलले नव्हते. अशीच माणसं हे काम बिनबोभाट करतात, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

मास्तरांच्या वडिलांचं स्वतःचं घर होतं. वर दोन खोल्या, खाली दोन आणि मागे मोरीला लागून एक लहान खोली. त्या मागच्या खोलीत मास्तरांची बहीण राहायची. घरात तिला चिमी म्हणत. बावन्न वर्षांची झाली तरी चिमीच. नवरा गेल्यावर ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला लागली होती. चादरी, गाऊन, पडदे, सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं आणि इस्त्री करायचं. तिच्या दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मास्तर वेगळ्या बिऱ्हाडात राहत होते आणि धाकट्या भावाच्या बायकोला ‘ते सगळं’ जमत नव्हतं. मग चिमी आली. सहा वर्षं तिनं बापाला कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं. सकाळी कामावर, दुपारी बापाजवळ. वडील गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. डॉक्टरांनीसुद्धा ते मुद्दाम बोलून दाखवलं होतं.

वडील जाऊन वर्ष होतं न होतं तोच धाकटा मास्तरांच्या टेबलाशी येऊन बसला.

“दादा, घर पाडून नवी इमारत बांधायला एक जण तयार आहे. तुला एक घर, मला एक घर. पण तीन नावं दिसली की तो बिचकतो. चिमीताईचं नाव काढायला हवं.”

“ती तयार आहे का?”

“विचारायचं कशाला? विचारलं की चार शहाणे तिला सल्ला द्यायला येतील. तिला सांगायचं, वीजमीटर आणि नळजोडणी आपल्या नावावर करायचीय. तू कागद लिहिलास तर ती बघणारसुद्धा नाही. आणि आपण काय तिला रस्त्यावर काढणार आहोत का?”

मास्तरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मनात कुठेतरी टोचलं, नाही असं नाही. पण एकतीस वर्षांत त्या टेबलावर असं शेकडो वेळा झालं होतं. जे जगाचं तेच आपलं, असं म्हणून त्यांनी नेहमीचा मजकूर उघडला, नावं बदलली आणि कागद छापला.

चिमी धुलाईघरातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली. ती सातवीपर्यंत शिकलेली, वर्तमानपत्र रोज वाचणारी. तिच्यापुढे कागद ठेवला, तेव्हा चष्मा पिशवीत होता. तो काढायला तिनं हात घातला आणि मग स्वतःच हसली.

“जाऊ दे. तू लिहिलंयस ना, दादा? मग मी काय तपासायचं त्यात! कुठं करू सही?”

“इथे. इथे. आणि इथे.”

आत अधिकाऱ्यांनी मान वर न करता विचारलं, “मजकूर मान्य आहे ना?” चिमीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. “मान्य आहे,” चिमी म्हणाली. बाहेर आल्यावर दोन्ही भावांना तिनं स्वतःच्या खर्चानं चहा पाजला. “मीटरचं काम मार्गी लागलं बाई एकदाचं,” म्हणाली.

चार महिन्यांनी फिती घेऊन माणसं आली आणि घर मोजू लागली. धाकट्यानं मागच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, “ताई, महिन्याभरात तुझी सोय बघ कुठेतरी.”

“कसली सोय? घर बाबांचं आहे.”

“होतं,” धाकटा म्हणाला आणि त्यानं तिच्या हातात कागदाची प्रत ठेवली.

तिनं ती मोरीपाशी उभी राहून, या वेळी चष्मा लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. अक्षर येत नव्हतं म्हणून ती फसली नव्हती. विश्वास होता म्हणून फसली होती. त्याच पावली ती मास्तरांच्या घरी आली. कपाळावर घाम, पायात एक चप्पल तुटलेली.

“दादा, यात मीटरचं काहीच नाही.”

“अगं, बस आधी. पाणी घे.”

“पाणी नको. यात लिहिलंय की मी माझा वाटा प्रेमापोटी सोडला. मी कधी सोडला? तू कधी विचारलंस?”

“चिमे, ही एक पद्धत असते. सगळीकडे असंच करतात. शेवटी घर भावांकडे राहतं, बहिणीला माहेर राहतं. आम्ही काय तुला वाऱ्यावर सोडणार आहोत?”

“मग तसं लिहून दे.”

“काय लिहून देऊ?”

“की मला वाऱ्यावर सोडणार नाही, असं. तुला येतं की लिहिता! कागद आहे, यंत्र आहे. दे लिहून, खाली सही कर, मी जाते.”

मास्तरांचा हात हलला नाही. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको हातातलं ताट पुसत उभी होती. ताट केव्हाच कोरडं झालं होतं, तरी ती पुसतच होती. चिमीनं थोडी वाट पाहिली आणि तुटकी चप्पल हातात घेऊन जिना उतरून गेली.

तिनं दावा लावला. मैत्रिणीच्या ओळखीनं एक वकीलबाई मिळाल्या. कोर्टानं बांधकामाला मनाई केली. घर तसंच उभं राहिलं. धाकट्यानं मागच्या खोलीचं पाणी तोडलं, मोरीला कुलूप घातलं. चिमी शेजाऱ्यांच्या नळावरून बादल्या आणायची, पण खोली सोडली नाही. ‘भावांवर केस करणारी’ म्हणून नातेवाइकांनी तिला कार्यात बोलावणं बंद केलं. बापाची सहा वर्षं सेवा केली तेव्हा यातलं कुणी तिला भेटायलाही आलं नव्हतं. न्याय करायला मात्र सगळे हजर!

तीन वर्षांनी मास्तरांच्या साक्षीची तारीख लागली. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी धाकटा आला आणि खुर्ची ओढून बसला.

“दादा, सगळा खेळ तुझ्यावर आहे. दोनच वाक्यं बोलायची. मजकूर वाचून दाखवला, तिनं कबूल केला. कागदावर तेच आहे आणि खाली तुझी सही आहे. खलास.”

तो गेल्यावर मास्तर खुर्चीत तसेच बसून होते. बायको समोर भाजी निवडत होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, “वाचून दाखवला होतात?”

“तुला काय करायचंय त्यातलं?”

“मला नाही करायचं तर कोणाला? माझाही कागद तुम्हीच लिहिलाय.”

मास्तरांनी चमकून पाहिलं. ते विसरून गेले होते! सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या मेहुण्यांनी विनंती केली आणि मास्तरांनी मोठ्या मनानं, फुकट, बायकोचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. वर सासुरवाडीला ‘आपला जावई लाखात एक’ अशी वाहवा मिळवली होती.

“तुम्ही म्हणालात, इथे सही कर,” बायको म्हणाली. “मी केली. तुम्ही नवरा, ते भाऊ, विचारायचं कोणाला? त्यानंतर मी माहेरी किती वेळा गेले, कधी मोजलंत? आधी वर्षातून दोनदा. मग एकदा. गेल्या वेळी आजारी आईला बघायला गेले, तर वहिनीनं दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, किती दिवसांसाठी? पिशवी हातातच होती माझी! ज्या घरात मी जन्मले, तिथल्या कपाटातली चादर घ्यायची तर मला विचारावं लागतं.”

“पण तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले असते तर? वाटा मागणारी बहीण वाईट, सोडणारी गुणाची. लहानपणापासून हेच ऐकलं. माहेर टिकावं म्हणून वाटा सोडायचा म्हणता ना? अहो, वाटा असतो तोवरच माहेर असतं! तो सोडला की उरते ती मेहरबानी. आणि मेहरबानी कधी आटेल याचा नेम नाही.”

“कायद्यानं...”

“कायद्यानं मुलगा-मुलगी सारखे आहेत, हे तुमच्याएवढं कोणाला ठाऊक? तुमच्या टेबलावर कायद्याचं पुस्तक आहे. त्यावर तुम्ही चहाचा कप ठेवता.” तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. “स्वखुशीनं द्यायचं तर देऊ दे की एखादीला. पण आधी तिला कळू दे, आपलं काय होतं ते. जे आपलं आहे हेच ठाऊक नाही, ते स्वखुशीनं कसं सोडतात हो? माझं तर झालं. दावा लावायची माझी मुदत कधीच उलटून गेली. चिमीची अजून आहे. परवा काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मात्र खोटं बोलून आलात, तर मला सांगू नका. मला कळेलच.”

मंगळवारी मास्तर पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ झाली. समोर धाकट्याचे वकील, मागे धाकटा, आणि भिंतीशी, धुलाईघराचा निळा गणवेश बदलायलाही वेळ न मिळालेली चिमी.

“हा दस्त तुम्हीच लिहिलात?” वकिलांनी विचारलं.

“हो.”

“शेवटी जे वाक्य आहे, मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, त्याखाली सही तुमची?”

“माझीच.”

“म्हणजे लिहून देणार बाईंना मजकूर तुम्ही वाचून दाखवलात.”

मास्तरांनी कठड्यावर हात ठेवले. धाकट्यानं मागून हळूच खाकरून आठवण करून दिली.

“नाही,” मास्तर म्हणाले.

वकिलांना वाटलं, आपण चुकून दुसरंच ऐकलं. “नीट आठवून सांगा. वाचून दाखवलात ना?”

“नाही साहेब. वाचून दाखवला नाही. समजावूनही सांगितला नाही. तिला सांगितलं, वीजमीटरचा कागद आहे. धाकट्यानं सुचवलं, पण लिहिलं मी. तिनं चष्मा काढायला पिशवीत हात घातला होता. मी थांबलो असतो तर तिनं वाचलं असतं. मी थांबलो नाही.”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. “तुम्ही काय बोलताय याची कल्पना आहे ना? तुमचा परवाना जाऊ शकतो. तुमच्यावर कारवाई होऊ शकते.”

“आहे, साहेब.”

मग चिमीच्या वकीलबाई उठल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “असे कागद तुम्ही आजवर बरेच लिहिले असतील. त्यातले किती बायकांना वाचून दाखवलेत?”

काय उत्तर द्यावं, याचा विचारही करावा लागला नाही. मास्तरांना ते उत्तर तोंडातून बाहेर पडेपर्यंत स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

“बायकांना? एकीलाही नाही.”

इतकी वर्षं! एकीलाही नाही! कोर्टातल्या टंकलेखकाचे हात यंत्रावर तसेच थांबले.

चार महिन्यांनी निकाल लागला. हक्कसोडपत्र रद्द झालं. बापाच्या घरात चिमीचा एक तृतीयांश हिस्सा कोर्टानं मान्य केला. मास्तरांचा परवाना गेला आणि फसवणुकीची वेगळी चौकशी मागे लागली, ती आजही चालू आहे. धाकट्यानं तोंड पाहणार नाही अशी शपथ घेतली आणि ती पाळली. ज्यांची घरं मास्तरांनी लिहिलेल्या कागदांवर उभी होती, ते पुरुष व्हरांड्यात येऊन शिव्या घालून गेले. “म्हातारपणी कशाला सत्यवादी व्हायचं सुचलं? आमचं काय आता?” काही बायकाही आल्या. हातात जुन्या प्रती. एकीनं विचारलं, “यात माझं काय गेलंय, तेवढं सांगता का?” मास्तरांनी सांगितलं. तिनं प्रत घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि ती निघून गेली. ते नुसतं निघून जाणं मास्तरांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते निकालाच्या दिवशी, कोर्टाच्या जिन्यावर. मास्तर धापा टाकत चिमीच्या मागे गेले.

“चिमे! थांब ना. झालं गेलं... मी बोललो ना गं खरं.”

चिमी थांबली. वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“बोललात. चांगलं केलंत,” ती म्हणाली. “तुमच्यामुळे काम झालं. येते मी, माझी पाळी दोनची आहे.”

मास्तरांना आधी कळलंच नाही, काय झालं ते. ती जिना उतरून गेल्यावर कळलं. जन्मभर जी बहीण ‘अरे दादा’ म्हणत होती, ती त्यांना ‘तुम्ही’ म्हणाली होती. एखाद्या कचेरीतल्या माणसाला म्हणावं तसं. कोर्टानं हिस्सा परत दिला. दादा परत देणं कोणत्याच कोर्टाच्या हातात नव्हतं.

पुढच्या महिन्यात मास्तर पुन्हा त्या व्हरांड्यात गेले. या वेळी टेबलाच्या अलीकडे, गिऱ्हाईक म्हणून. सोबत बायको आणि नोकरीतून सुट्टी काढून आलेली मुलगी. वडिलांच्या घरातल्या आपल्या वाट्याचा अर्धा भाग त्यांना बायकोच्या नावे करायचा होता. कागद एका तरुण दस्तलेखकानं छापला आणि सवयीनं बोट ठेवलं. “काकू, इथे सही.”

“थांबा,” बायको म्हणाली. तिनं चष्मा पुसला, खुर्चीत नीट बसली आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. एकेक ओळ. मागे रांग वाढत गेली. कुणी चुळबुळलं, कुणी म्हणालं, “काकू, घरी वाचा की!” तिनं वर पाहिलं नाही. दुसऱ्या पानावर ती अडली. “वरच्या खोलीचं माप चुकलंय. चौदा फूट आहे, तुम्ही चार लिहिलंत.” तरुणानं पाहिलं. खरंच चुकलं होतं! एक आकडा, आणि दहा फूट खोली हवेत गेली असती. कागद पुन्हा छापून आला. तिनं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. पाऊण तास गेला. बाकावर आपल्या दोन भावांमध्ये बसलेली एक अनोळखी बाई सगळं ऐकत होती. तिनं शेजारच्या भावाला हळूच विचारलं, “माझा कागद कुठाय रे? बघू जरा.” भाऊ म्हणाला, “आता काय बघायचंय त्यात?” “तरी बघू,” ती म्हणाली, आणि हात पुढे करून तसाच धरून ठेवला.

तिला कागद मिळाला की नाही, मास्तरांना कळलं नाही. त्यांचा पुकारा झाला होता. मुलीनं आईची पिशवी सांभाळली. आईनं सही केली, पूर्ण नावानं, सावकाश.

तर बंधू-भगिनींनो, बहिणीचा वाटा ही भावाची मेहरबानी नव्हे. तो जन्मानं आलेला हक्क आहे. तो तिला द्यायचा नसेल तर निदान तिच्या तोंडावर सांगण्याची हिंमत ठेवा, तिच्या विश्वासाआड लपू नका. आणि बहिणींनो, समोरचा कितीही सख्खा असो, वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही वाचायला मागितलं म्हणून जो रागावेल, त्याचा कागद तर दोनदा वाचा! मास्तरांना हे उशिरा कळलं. घर तुटता तुटता वाचलं. बहीण त्याच गावात राहते, बसमध्ये दिसली तर मान हलवते आणि बरोबर आपल्या थांब्यावर उतरून जाते.